रेल्वे वय बघते, पार्क उंची बघतो

प्रश्न राळेगाव तालुक्यातल्या एका शेतकरी भाऊंचा आहे. मुलगी साडेचार वर्षांची, सोबत बायको आणि आई. कापसाच्या पहिल्या चुकाऱ्यातले वीस हजार बाजूला काढून ठेवलेत. साडूनं खोपोलीच्या इमॅजिका या मोठ्या राइडवाल्या पार्कातले फोटो पाठवले, तेव्हापासून घरात एकच धोशा. एवढ्या पैशात चौघांचं होईल का, जायचं कसं आणि फसगत कुठे होते, असं त्यांनी विचारलंय.

भाऊ, वीस हजारांत सहल होईल, चांगली होईल. पण इमॅजिकाची नाही; निदान या वर्षी तरी नको.

मी आर्वीला राहतो. सतरा वर्षं झाली, आसपासच्या गावांतल्या कुटुंबांच्या सहली लावून देतो. त्याआधी दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनर होतो, म्हणजे लोकांच्या उलट्या पुसण्यापासून सुरुवात आहे. या धंद्यात मी एक गोष्ट शिकलो: लहान लेकराच्या नावानं निघालेली सहल बहुतेक वेळा बापाच्या हौसेची असते. त्यात गैर काही नाही, पण मग तिकीट कोणासाठी काढतोय हे घरातच ठरवून घ्यावं.

तर सगळ्यात आधी पोट्टीला अंगणवाडीत घेऊन जा आणि ताईंना म्हणा, उंची मोजून द्या. त्यांच्याकडे उंची मोजायची पट्टी असते, नोंदही असते. घरी दाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलनं रेघ मारली तरी चालेल, पण चप्पल काढून. हा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा. पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे.

कारण असं की रेल्वे आणि एसटी लेकराचं वय बघतात, पार्क उंची बघतो. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत वेगळा बर्थ घेतला नाही तर तिकीटच लागत नाही. पाच ते बाराच्या मधल्या मुलाला बर्थ नको असेल तर अर्धं तिकीट, आणि बर्थ मागितला की २०१६ पासून मोठ्या माणसाएवढं पूर्ण. एसटीतही पाचच्या आत फुकट, पुढे बारापर्यंत अर्धं. म्हणजे प्रवासाच्या बाबतीत तुमची मुलगी पाच वर्षांची होईपर्यंत तुमच्या हातात सहा महिने आहेत. पार्कवाल्यांना मात्र जन्माचा दाखला दाखवून उपयोग नसतो. गेटवर भिंतीला रेघा मारलेल्या असतात. अगदी खालच्या रेघेच्या आत असेल तर फुकट, मधल्या पट्ट्यात लहान मुलाचं तिकीट, त्याच्या वर पूर्ण. आत गेल्यावर प्रत्येक राइडला पुन्हा वेगळी रेघ.

त्या रेघेपाशी काय होतं ते एकदा सांगतो. नाव नको, एक मोठा पार्क होता. कारंजाकडचं एक कुटुंब मी घेऊन गेलो होतो, मुलगा पाच वर्षांचा. बापानं आठ दिवस त्याला मोबाइलवर त्या राइडचे व्हिडिओ दाखवले होते. पाऊण तास रांगेत उभे राहिले, पोरगं एकदाही कुरकुरलं नाही. पुढे लाकडाचा एक रंगवलेला अस्वल हात आडवा करून उभा होता. डोकं त्या हाताला लागलं पाहिजे. दोन बोटं कमी पडली. पोरानं टाचा उचलल्या. तिथल्या मुलीनं हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवून खाली केलं आणि म्हणाली, बेटा नेक्स्ट इयर. बाप वाद घालायला लागला, मी त्याला ओढून बाजूला नेलं. चूक त्या मुलीची नव्हती. पट्टा लेकराच्या अंगाला बसत नसेल तर ते निसटतं, म्हणून रेघ असते. चूक माझी होती. मी घरून निघताना उंची विचारली नव्हती. त्या दिवसापासून बुकिंग घेताना नाव, गाव आणि पोराची उंची या तीन गोष्टी पहिल्यांदा लिहितो.

आता तुमचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात पूर्ण पाच वर्षांच्या मुलीची मध्यम उंची १०९ सेंटीमीटर आहे, म्हणजे साडेतीन फुटांच्या किंचित वर. साडेचारची पोट्टी बहुधा त्याच्या खालीच भरेल. इमॅजिकाचं नाव ज्या नायट्रो, डीप स्पेस असल्या राइडमुळे झालं, त्या तिच्यासाठी नाहीत. लहानांचे गोल फिरणारे घोडे, हत्ती तिथेही आहेत, पण तेवढ्यासाठी दोन रात्री गाडीत आणि माणशी हजाराच्या वरचं तिकीट? तुमच्या आई तर बाकावर पिशव्या राखत बसतील आणि त्यांच्या बसण्याचंही तिकीट लागेल. मुलगी दुसरी-तिसरीत गेली, चार फुटांच्या वर गेली की जा. तेव्हा तीच तुम्हाला ओढत नेईल.

अकोला, शेगावकडच्यांचं गणित वेगळं आहे. त्यांना रात्री विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलं की पहाटे कल्याण, तिथून कर्जत-खोपोलीची लोकल आणि मग ऑटो. तुमच्या बाजूनं मुंबईपेक्षा हैदराबाद बरंच जवळ. आपल्याकडे लोकांना वाटतं मुंबई-पुणे आपलं आणि हैदराबाद परमुलूख. नकाशा काढून बघा: पांढरकवड्याहून ४४ नंबरच्या महामार्गानं आदिलाबाद, निर्मल करत हैदराबाद साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. नागपूर-मुंबई रेल्वेनं ८३७ किलोमीटर.

म्हणून माझं मत: हैदराबाद, आणि तिथेही वंडरला नाही, रामोजी फिल्म सिटी. वंडरला चांगला पार्क आहे, पण त्याची मजा उंच राइड आणि पाण्यात आहे, पुन्हा तीच रेघ आडवी येते. रामोजीत बस फिरवते, सेट दाखवते, नाच-गाण्याचे कार्यक्रम होतात, पक्षी आहेत आणि लहानांसाठी फंडुस्तान नावाचा वेगळा भाग आहे. आजीला बसमध्ये बसून बघता येतं, लेकराला उतरून धावता येतं. तीन पिढ्यांचं एकाच तिकिटात समाधान होणारी दुसरी जागा आपल्या टप्प्यात मला तरी माहीत नाही. दुसऱ्या दिवशी नेहरू प्राणीसंग्रहालय. ते स्वस्त आहे, आत छोटी रेल्वे आहे. खरं सांगू, दहातल्या सहा लेकरांना घरी आल्यावर रामोजी आठवत नाही, प्राणीसंग्रहालयातला वाघ आठवतो. फक्त सोमवारी ते बंद असतं.

पैशाचा अंदाज घ्या. राळेगावहून वर्ध्याला एसटीनं. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, आई पंचाहत्तरच्या वर असतील तर फुकट. जाऊन-येऊन पाचशेच्या आत. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम स्टेशनहून सिकंदराबाद, तिघांचं स्लीपर दोन्ही बाजूंनी मिळून दोन हजारांच्या आत-बाहेर. लॉजच्या दोन रात्री तीन हजार. रामोजीचे सहा हजार धरून ठेवा, आणि दर बघताना करासकट बघा. पार्कच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी असतो, तो काही ठिकाणी शेवटच्या पानावर उगवतो. प्राणीसंग्रहालय पाचशे, बस-ऑटो दोन हजार, तीन दिवसांचं खाणं तीन हजार. झाले सतरा. उरलेल्या तीन हजारांना हात लावायचा नाही. ते बायकोच्या पर्समध्ये, तुमच्या खिशात नाही. थर्ड एसी केलं तर हे तीन हजार तिकिटातच जातात. मधला मार्ग म्हणजे जाताना स्लीपर, आणि फार थकणार असं वाटत असेल तर फक्त येताना एसी.

आईच्या तिकिटावर वय बरोबर टाका. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती पुन्हा सुरू झालेली नाही, पण पंचेचाळीसच्या वरच्या बाईला खालचा बर्थ देण्याची सोय आहे. तो मिळाला की मुलगी आजीजवळ झोपते आणि तुम्ही दोघं रात्रभर उठून तिच्यावर नजर ठेवायचे वाचता. गाडी कुठल्या स्टेशनवर थांबते तेही नीट वाचा. जानेवारी २०२५ पासून हैदराबादेत चर्लपल्लीचं नवं टर्मिनल सुरू झालंय, काही गाड्या तिकडे जातात. सिकंदराबाद समजून लॉज घेतलं आणि गाडी दुसऱ्याच टोकाला उतरली, की सकाळी सकाळी पाचशे रुपये ऑटोला.

लॉज स्टेशनजवळ घेण्यापेक्षा दिलसुखनगर-एलबीनगर भागात घ्या. मेट्रो आहे, आणि रामोजी त्याच बाजूला विजयवाड्याच्या रस्त्यावर आहे; हयातनगरकडच्या सिटी बस मिळतात. बायकांना तिथल्या बसमध्ये फुकट बसायला मिळतं असं कोणी सांगेल. ते खरं आहे, पण तेलंगणाच्या रहिवासी बायकांसाठी. आपल्याकडची अर्ध्या तिकिटाची सवलत सीमेवर संपते आणि त्यांची आपल्याला लागू नाही, त्यामुळे कंडक्टरशी हुज्जत घालू नका.

कोणी म्हणेल गाडी करा. दोन कुटुंबं मिळून करत असाल तर जमतं, पण गाडीवाल्याला दोन गोष्टी विचारा: नंबरप्लेट पिवळी आहे का आणि परमिट ऑल इंडिया आहे का. पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्यानं नेली आणि काही झालं तर विमावाले हात वर करतात. आणि समृद्धीनं खोपोलीला जाऊ म्हणणाऱ्यांना माझा दंडवत. नागपूर ते ठाणे ७०१ किलोमीटर सलग सरळ रस्ता, टोल वेगळा, आणि मागे साडेचार वर्षांचं लेकरू दर वीस मिनिटांनी विचारतंय, आलं का?

कधी जायचं हा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही, आणि पैसे तिथेच वाचतात. मुलगी अजून अंगणवाडीत आहे. तिला ना परीक्षा, ना हजेरीची कटकट. ती पहिलीत गेली की तुम्ही दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुटीला बांधले जाल, आणि त्या दिवसांत पार्कात दर जास्त, गर्दी जास्त. आत्ता तुम्ही कुठल्याही मंगळवारी-बुधवारी जाऊ शकता. तुरी घरात आल्या आणि हरभरा सोंगायला यायचाय, ते मधले आठ-दहा दिवस धरा. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. ऊनही अजून तापलेलं नसतं. संक्रांतीचा आठवडा मात्र टाळा. अख्खं हैदराबाद आंध्रातल्या आपापल्या गावी निघतं आणि विजयवाड्याच्या रस्त्यावर, म्हणजे रामोजीच्याच रस्त्यावर, गाड्यांच्या रांगा लागतात. दुसरं, सम वर्षी माघात तेलंगणातल्या मेडारमची सम्मक्का-सारक्का जत्रा भरते. त्या दिवसांत बल्लारशहा-काजीपेट या तुमच्याच मार्गावरच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. कॅलेंडर बघून घ्या.

ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांच्यासाठी एक जाता जाता सांगतो. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनमध्ये बाकी महाराष्ट्रापेक्षा आठ-पंधरा दिवस उशिरा उघडतात. तेलंगणातल्या शाळाही जूनच्या मध्यापर्यंत सुरू झालेल्या असतात. तेवढ्या दिवसांत पार्क मोकळे आणि आपली मुलं रिकामी. शेतकऱ्याला मात्र हा फायदा नाही, तेव्हा डोक्यावर पेरणी असते. नोकरीवाल्यांनी घ्यावा.

आता प्रत्यक्ष दिवस. तुम्ही सकाळी नऊ ते रात्री आठ पार्कात राहायचं म्हणाल, कारण पैसे दिलेत. साडेचार वर्षांच्या लेकराचा दिवस चार तासांचा असतो, मग झोप, मग पुन्हा दोन-तीन तास. गेट उघडायच्या आधी पोहोचा, तिला जे बघायचंय ते जेवणाआधी उरका. दुपारी एकच्या सुमारास सावलीची जागा शोधून आजीचं लुगडं किंवा शाल अंथरा आणि आजी-नात दोघींना झोपू द्या. तेवढा तास-दीड तास तुम्ही नवरा-बायको जे मोठ्यांचं बघायचं ते बघून या. लग्नानंतर दोघांनी एकट्यानं फिरल्याला किती वर्षं झाली, ते मोजा आणि मग मला फोन करून शिव्या द्यायच्या का ते ठरवा. झोपेतून उठवून ओढत नेलेलं पोरगं संध्याकाळी पाचला असं काही रडतं की शेवटचा कार्यक्रम बघताना तुम्ही एकमेकांकडे बघत नाही.

खाण्याचं असं: पार्कात बाहेरचं खाणं बहुधा आत नेऊ देत नाहीत, गेटवर पिशवी उघडायला लावतात. लेकराचं दूध-बिस्किट बहुतेक ठिकाणी सोडतात. म्हणून डबा गाडीसाठी आणि लॉजसाठी: दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या दोन दिवस टिकतात, शेंगदाण्याची चटणी, मुर्र्याचा चिवडा. पार्कात जायच्या सकाळी लॉजवर पोट भरून जेवून निघा. आत एकच जेवण विकत घ्या. पाण्याची बाटली रिकामी न्या, आत नळ असतात. ओआरएसच्या दोन पुड्या सोबत ठेवा. उन्हाची सवय आपल्याला आहे हा भ्रम आहे, घरी आपण दुपारी बाहेर पडत नाही एवढंच.

पुढेमागे कधी वॉटर पार्कला गेलात तर नायलॉनचे कपडे इथूनच, वर्धा किंवा नागपूरच्या बाजारातून घेऊन जा. सुती कपड्यांवर पाण्यात उतरू देत नाहीत आणि तिथे भाड्यानं घेतलं की चौघांचं मिळून एका जेवणाचे पैसे जातात.

हरवण्याचं सांगतो, कारण दोनदा माझ्या सहलीत झालंय. दोन्ही वेळा लेकरू सापडलं, दोन्ही वेळा त्याला आईचं नाव 'आई' एवढंच सांगता येत होतं. सकाळी निघताना मुलीच्या कोपराच्या वर बॉलपेननं तुमचा मोबाइल नंबर लिहा. त्याच कपड्यांत तिचा एक फोटो काढा. कपडे पिवळे किंवा भगवे, लांबून दिसणारे. आणि तिला एकच वाक्य पाठ करून घ्या: हरवलं की जागेवरच थांबायचं, आई-बाबा येतात.

बाहेर पडायच्या रस्त्यावर खेळण्यांचं दुकान असतं, दुसऱ्या रस्त्यानं बाहेर पडता येतच नाही. त्यावर माझ्या बायकोनं काढलेला उपाय: वर्ध्याच्या बाजारातून आधीच एक भोवरा किंवा बाहुली घेऊन पिशवीत लपवायची आणि दुकानाच्या दहा पावलं आधी बाहेर काढायची. चालतं. नेहमी नाही.

एवढं वाचून वीस हजार जास्त वाटत असतील, किंवा मुलगी रात्रीच्या गाडीत कशी राहील अशी धाकधूक असेल, तर आधी नागपूरला एक रात्र काढून बघा. रामन विज्ञान केंद्रात बाहेर डायनासोर उभे आहेत, गोरेवाड्याला बसमधून सफारी आहे, आणि मेट्रोत सीताबर्डीहून खापरीपर्यंत जाऊन परत येणं हीच साडेचार वर्षांच्या लेकरासाठी अर्धी सहल आहे. सगळं मिळून पाच-सहा हजारांत बसतं. सोमवार तेवढा सोडा, गोरेवाडा त्या दिवशी बंद असतो. तिथे मुलगी दुपारी कुठे झोपते, किती चालते, पाळण्यात बसायला घाबरते का, हे कळतं. तेवढंही नको असेल तर जवळच्या जत्रेत गोल फिरणाऱ्या घोड्यावर बसवून बघा. वीस रुपयांत उत्तर मिळतं. घाबरून आईला चिकटली तर हैदराबाद एक वर्ष पुढे ढकला. पाच वर्षं पूर्ण झाल्यामुळे रेल्वे-एसटीचं अर्धं तिकीट वाढेल, एवढाच तोटा.

आणि जायचं पक्कं असेल तर आरक्षण ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं. नोव्हेंबर २०२४ च्या आधी १२० दिवस होते, लोक अजून तेच धरून बसतात. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातलं तिकीट डिसेंबरच्या सुरुवातीला निघतं. त्या सकाळी वेचणीला बायका आलेल्या असतील आणि तुम्ही काटा धरून उभे असाल, म्हणून तिकिटाचं काम तुमच्या बायकोकडे द्या.